विश्लेषण : संकेतस्थळ उघडते, पण ते सगळ्यांना वाचता येते का?

शिष्यवृत्तीचा अर्ज, वीजबिल, भरतीची जाहिरात, सातबारा, परीक्षेचा निकाल… सगळे आता संकेतस्थळावर आले आहे. रांग संपली, असे म्हटले जाते. मात्र ज्याला दिसत नाही, कमी दिसते, रंग ओळखता येत नाहीत किंवा कार्यालयीन मराठी उलगडत नाही, त्याच्यासाठी ही खिडकी अनेकदा बंदच असते. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न थेट जगण्याच्या हक्काशी जोडला आहे. संकेतस्थळावरचा मजकूर कुठे अडतो, मराठीत तो जास्त का अडतो आणि तो मोकळा कसा करता येतो, याविषयी…

न्यायालयाने काय म्हटले?

‘प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणाचा निकाल ३० एप्रिल २०२५ रोजी लागला. अ‍ॅसिड हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या याचिकाकर्तीला बँकेत खाते उघडता आले नव्हते. ऑनलाइन ‘केवायसी’ करताना कॅमेऱ्यासमोर छायाचित्र नसून जिवंत माणूस आहे, हे सिद्ध करण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करावी लागते. तिला ती करणे शक्यच नव्हते. सोबतची दुसरी याचिका एका दृष्टिहीन व्यक्तीची होती. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे ठरवले आणि २० निर्देश दिले. भांडवली बाजाराची नियामक असलेल्या ‘सेबी’ने त्यानंतर जुलै २०२५ मध्ये शेअर दलाल, म्युच्युअल फंड आदींसाठी डिजिटल सुगम्यतेचे परिपत्रक काढले, ते याच निकालाच्या आधारे.

त्याआधी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कामकाजाच्या अखेरच्या दिवशी, ‘राजीव रतुरी’ प्रकरणाचा निकाल आला होता. त्यातला मुद्दा वरवर तांत्रिक वाटतो, पण तो कळीचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सुगम्यता ही सक्ती आहे. मात्र त्याखालील २०१७ च्या नियमांतील नियम १५ (१) नुसार जी मार्गदर्शक तत्त्वे लागू होत होती, त्यांची भाषा ‘करता आल्यास करावे’ अशा धाटणीची होती. कायदा सक्तीचा आणि नियम मात्र शिफारशीचे, हे चालणार नाही, असे सांगत न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक निकष वेगळे काढून तीन महिन्यांत तयार करा, असे केंद्राला सांगितले. हैदराबादच्या ‘नालसार’ विधि विद्यापीठातील दिव्यांग अभ्यास केंद्राने केलेल्या अहवालाचा या निकालाला मोठा आधार होता.

अडचण नेमकी कोणाची?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५० लाखांना दृष्टिदोष होता. महाराष्ट्रातील दिव्यांगांची संख्या तेव्हा २९ लाखांच्या पुढे होती. ही आकडेवारी जुनी आहे आणि ती मोजताना फक्त आठ प्रकार धरले होते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले. त्यात वाचनात अडथळा आणणाऱ्या डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही आल्या.

तरीही हा विषय केवळ प्रमाणपत्र असलेल्यांचा समजला, तर गफलत होते. मराठीत चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसणे इतके सार्वत्रिक आहे की भाषेने त्याला वयाचेच नाव दिले. एसटी स्थानकावर भर उन्हात मोबाइलच्या पडद्याकडे पाहणारा तरुण, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली आजी, एका हातात मूल घेऊन दुसऱ्या हाताने अर्ज भरणारी बाई, या सगळ्यांची तात्पुरती अवस्था तीच असते. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते. लिहिलेली मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा ठरते, त्यामुळे लांबलचक वाक्य त्यांनाही अडवते. आणि घरातला एकच स्मार्टफोन, तोही तडा गेलेल्या काचेचा, हे वास्तव तर कोणत्याच जनगणनेत येत नाही.

स्क्रीन रीडर वाचतो, म्हणजे काय करतो?

दृष्टिहीन व्यक्ती संगणक किंवा मोबाइल वापरते ती स्क्रीन रीडरच्या मदतीने. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर आवाजात ऐकवते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आधीपासूनच असते. विंडोज संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ मोफत मिळते. ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन प्रोग्रामरनीच २००६ मध्ये ते घडवायला सुरुवात केली आणि मराठी आवाजही त्यात चालतो.

यातला महत्त्वाचा भाग असा, की स्क्रीन रीडर पडद्याकडे ‘पाहत’ नाही. तो पानामागचा कोड वाचतो. अक्षरे मोठी आणि ठळक केली म्हणून एखादी ओळ शीर्षक होत नाही. कोडमध्ये ती शीर्षक म्हणून नोंदवलेली असावी लागते. डोळस माणूस पानावरून नजर फिरवून हवे ते शोधतो. दृष्टिहीन माणूस एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर उडी मारत तेच काम करतो. अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठाशी संलग्न ‘वेबएम’ ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी करते. मोठ्या पानावर माहिती कशी शोधता, या प्रश्नावर दहातले सात जण ‘शीर्षकांवरून’ असे उत्तर देतात. शीर्षकेच नसतील, तर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सगळे ऐकत बसावे लागते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून टाकावी, तसा हा प्रकार.

लिंकचेही तसेच. स्क्रीन रीडर पानावरच्या सगळ्या लिंकची यादी एकत्र काढून देऊ शकतो. आता ज्या पानावर वीस शासन निर्णय आहेत आणि प्रत्येकापुढे ‘येथे क्लिक करा’ लिहिले आहे, तिथे ती यादी कशी ऐकू येईल? येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, असे वीस वेळा. त्याऐवजी ‘वसतिगृह प्रवेश अर्ज’, ‘उत्पन्नाच्या दाखल्याचा नमुना’ असे लिंकमध्येच लिहिले, तर काम एका फटक्यात होते. खर्च शून्य.

चित्रांना पर्यायी मजकूर लागतो. म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी एक ओळ, जी डोळ्यांना दिसत नाही पण कानांना ऐकू येते. ती लिहिताना ‘छायाचित्र’ एवढेच लिहून सोडून देण्याची पद्धत आहे. त्याचा उपयोग नाही. पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना चित्र करून टाकली असेल, तर तारीख, वेळ आणि प्रभाग पर्यायी मजकुरात यायला हवेत. खरे तर अशी सूचना चित्र न करता साधा मजकूर म्हणूनच द्यावी.

सर्वांत मोठी अडचण स्कॅन केलेल्या पीडीएफची. कागदावर सही-शिक्का झाला, तो स्कॅनरखाली ठेवला, फाइल चढवली, की कार्यालयाच्या दृष्टीने काम संपते. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने मात्र तो कोरा कागद असतो. त्यात अक्षर नाही, फक्त अक्षरांचा फोटो आहे. वृत्तपत्रांच्या ई-पेपरमधले पानही अनेकदा असाच फोटो असतो, हेही इथे नोंदवले पाहिजे. त्यावर टिचकी मारल्यावर बातमीचा खरा मजकूर उघडत असेल, तरच त्याला वाचनीय म्हणता येईल.

मराठीची जादा अडचण कोणती?

इंग्रजी संकेतस्थळाला ज्या अडचणी येतात, त्या मराठीला येतातच. वर आणखी काही येतात. त्यातली पहिली जुन्या फॉन्टची. युनिकोड घरोघरी पोहोचण्याआधी मराठी टंकनासाठी शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख असे फॉन्ट वापरले जात. त्यांची युक्ती अशी होती, की संगणकात साठायचे इंग्रजी अक्षर आणि पडद्यावर त्याच्या जागी काढायचा मराठी आकार. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकला, तर संगणकाच्या लेखी तिथे ‘ई, जे, के, बी, एच’ एवढी पाच इंग्रजी अक्षरे असतात. डोळ्याला ‘मराठी’ दिसते. स्क्रीन रीडर मात्र ‘ई-जे-के-बी-एच’ अशी काहीतरी कडबोळी ऐकवतो. गुगललाही तो शब्द सापडत नाही. तो फॉन्ट ज्या मोबाइलवर नाही, तिथे डोळस वाचकालाही तेच दिसते.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही जुन्या फॉन्टमधला मजकूर अजून पूर्ण गेलेला नाही, कारण त्याची सवय गेलेली नाही. छपाईसाठी जुन्या फॉन्टमध्ये लावलेले पान तसेच पीडीएफ करून संकेतस्थळावर टाकले जाते. हे ओळखायची सोपी खूण आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडून कॉपी करायची आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत चिकटवायची. तिथे मराठीच उतरली, तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा पसारा उतरला, तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे. ओळ निवडताच आली नाही, तर तो फोटो आहे. युनिकोडमधल्या मजकुरातही कधी कधी वेलांट्या भलत्या जागी जातात, जोडाक्षरे फुटतात. पीडीएफ तयार करताना ‘प्रिंट’चा रस्ता न धरता वर्डमधील ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ वापरले, तर शीर्षके, याद्या, तक्ते यांची रचना फाइलमध्ये राहण्याची शक्यता बरीच वाढते. आणि शक्य तिथे पीडीएफ टाळून साधे वेबपान केले, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी अडचण एका छोट्याशा खुणेची. प्रत्येक वेबपानाच्या कोडमध्ये सुरुवातीलाच ‘हे पान अमुक भाषेत आहे’ असे लिहायचे असते. मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’, इंग्रजीसाठी ‘ईएन’. बहुतेक संकेतस्थळे तयार साच्यावर उभी राहतात आणि त्या साच्यात आधीपासून ‘ईएन’ असते. मजकूर मराठी, पण खूण इंग्रजीची. मग काही स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाज वापरतात, शब्द गाळतात किंवा अक्षरेच मोजून दाखवतात. हिंदीची खूण असेल तर मराठी हिंदी वळणाने ऐकू येते. ‘चमचा’मधला पहिला च आणि ‘चहा’तला च यांतला फरक त्या आवाजाला ठाऊक नसतो.

या खुणेचा परिणाम डोळ्यांनाही दिसतो. मराठीतला ल आणि श यांची वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीची प्रमाण वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. पानावर मराठीची खूण असली, की फॉन्ट आपोआप मराठी वळण काढतो. नसली, की हिंदी. पहिलीपासून जे अक्षर गिरवले तेच समोर आले, तर कमी दिसणाऱ्याला किंवा नवसाक्षराला ते ओळखायला सोपे जाते. एका शब्दाच्या दुरुस्तीने आवाज आणि अक्षर दोन्ही सुधारावे, असे योग फार थोडे असतात.

तिसरी अडचण टंकनाची. ‘ॲप’ हा शब्द युनिकोडमध्ये निदान तीन प्रकारे टंकता येतो आणि तिन्ही दिसायला जवळजवळ सारखे असतात. पानावर एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला, तर तो सापडेलच असे नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत तर अर्थच बदलतो. समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या! दुसऱ्या शब्दातला आडवा र नीट टंकला नाही, तर ऐकणाऱ्याला वाक्य कळेनासे होते. अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टंकण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. ‘दिनांकः’, ‘स्थळः’ असे पत्रांत सर्रास दिसते. डोळा त्याकडे काणाडोळा करतो. स्क्रीन रीडर मात्र प्रामाणिकपणे विसर्ग उच्चारतो.

लाल अक्षरे आणि सरकणारी पट्टी

अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांतील फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळे, म्हणजे सर्वांत जास्त, २१ : १. जगभर मान्य असलेल्या निकषांनुसार साध्या आकाराच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावे लागते. फिकट करड्या रंगातली नाजूक अक्षरे सध्याच्या रचनाकारांना फार आवडतात, पण पांढऱ्यावरचा नेहमीचा फिकट करडा ३ : १ पर्यंतही पोहोचत नाही. अनेकांना आश्चर्य वाटेल ते पुढेच आहे. ‘महत्त्वाची सूचना’ म्हणून वापरला जाणारा भडक लाल रंग पांढऱ्यावर जेमतेम ४ : १ भरतो. म्हणजे सर्वांत महत्त्वाची सूचनाच निकषात नापास.

रंगांधत्व असलेल्या व्यक्तीला, आणि ते पुरुषांत स्त्रियांपेक्षा बरेच जास्त आढळते, लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. ‘लाल रंगातील रकाने भरणे आवश्यक आहे’ ही सूचना त्यांच्यासाठी निरर्थक ठरते. रकान्यापुढे ‘आवश्यक’ असा शब्द लिहिला, की प्रश्न मिटतो.

उजवीकडून डावीकडे सरकणारी सूचनांची पट्टी आणि शेजारी लुकलुकणारे ‘नवीन’ हे तर आपल्याकडच्या संकेतस्थळांचे कुंकूच म्हणायचे. ज्याला वाचायला थोडा वेळ लागतो, त्याचे वाक्य अर्ध्यात निघून जाते आणि पट्टी पुन्हा फिरून येईपर्यंत थांबावे लागते. पाच सेकंदांपेक्षा जास्त काळ हलणारा मजकूर थांबवण्याची सोय वाचकाकडे असली पाहिजे, असा निकष आहे. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारी गोष्ट काही अपस्मार असलेल्यांना झटका आणू शकते, म्हणून ती वर्ज्यच आहे.

‘वेबएम’ दरवर्षी जगातील दहा लाख संकेतस्थळांची पहिली पाने यंत्राने तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर सुगम्यतेचे दोष सापडले. त्यात पहिला क्रमांक होता फिकट मजकुराचा, ७९.१ टक्के पानांवर. ही आपल्याकडचीच रडकथा आहे असे नाही.

अक्षर मोठे केले की काय बिघडते?

मोबाइलवर दोन बोटांनी पान मोठे करण्याची सवय सगळ्यांना आहे. तरी काही संकेतस्थळांवर ते होत नाही. पान जागचे हलतच नाही. ही फोनची चूक नसते. रचना ‘बिघडू नये’ म्हणून संकेतस्थळ करणाऱ्याने कोडमध्ये मोठे करण्याला बंदी घातलेली असते. मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता आला पाहिजे आणि तसे करताना काही झाकले जाऊ नये, असा निकष सांगतो. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये ही बंदी मोडण्याची सोय आहे. सेटिंग्जमधील ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त जाऊन ‘फोर्स एनेबल झूम’ सुरू केले, की पान मोठे होऊ लागते.

देवनागरीला ओळींमध्ये जागा जास्त लागते, कारण तिला वरही मात्रा असतात आणि खालीही उकार. इंग्रजीसाठी ठरवलेले अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. ओळींमधले अंतर अक्षराच्या दीडपट ठेवावे, हा सल्ला इंग्रजीला सोयीचा आहे. मराठीला तो गरजेचा आहे. उलट अक्षरांमधले अंतर वाढवण्याची इंग्रजीतली हौस इथे आणू नये. तसे केल्यावर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा शब्दपणाच जातो. दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा छापील आग्रहही मोबाइलवर अंगाशी येतो. मराठी शब्द लांब, पडदा अरुंद. मग एका ओळीत तीनच शब्द आणि त्यांच्यामध्ये भगदाडे.

शब्द दिसला, पण अर्थ?

समजा फॉन्ट बरोबर आहे, रंग ठळक आहे, स्क्रीन रीडरही नीट वाचतो आहे. आणि तो वाचतो आहे ते असे : ‘उपरोक्त योजनेंतर्गत अनुज्ञेय लाभ प्राप्त करून घेण्याकरिता लाभार्थ्यांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक त्या दस्तऐवजांसह विहित मुदतीत सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करणे अनिवार्य राहील.’

हे वाक्य नमुन्यादाखल रचलेले आहे, पण ते कोणालाही परके वाटणार नाही. अडचण केवळ कठीण शब्दांची नाही. इतके मोठे वाक्य वाचूनही मुदत कोणती, कागदपत्रे कोणती आणि अर्ज कोणाकडे द्यायचा, हे कळत नाही. तेच असे लिहिता येते : ‘या योजनेचे पैसे हवे असतील तर ३१ मेपर्यंत अर्ज करा. अर्ज तहसील कार्यालयात द्या. सोबत आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुकाची प्रत जोडा.’ यात माहिती वाढली आणि वाक्ये छोटी झाली. कायदेशीर भाषा हवीच असेल, तर ती मूळ निर्णयात राहू द्यावी. संकेतस्थळ हे निर्णयाची प्रत नव्हे, ते लोकांसाठीचे सांगणे आहे.

राज्याच्या भाषा संचालनालयाने साठच्या दशकापासून परिभाषा घडवली, ती इंग्रजीला पर्याय म्हणून. ते काम मोठे होते. पण कार्यालयातल्या फाइलसाठी केलेला शब्द शेतकऱ्याच्या मोबाइलवर तसाच उतरवला, तर दोष कोशाचा नाही, उतरवणाऱ्याचा आहे. ‘ओटीपी’ला ‘एकवेळ संकेतशब्द’ म्हटल्याने भाषाभिमान सुखावतो, पण मेसेजमध्ये ‘ओटीपी’च लिहून येतो आणि वाचणारा दोन्हींचा मेळ घालत बसतो. लोकांच्या तोंडी जो शब्द आहे तोच लिहावा, यात मराठीचे काही कमी होत नाही.

‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीचेच पाहा. दरमहा १,५०० रुपयांसाठी लाखो महिलांना आधार क्रमांक, पडताळणी संकेतांक आणि मग ओटीपी असे टप्पे पार करायचे होते. यातला ‘पडताळणी संकेतांक’ म्हणजे कॅप्चा. चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायची. यंत्राला फसवण्यासाठी केलेली ही युक्ती दृष्टिहीनाला सर्वांत आधी अडवते. म्हणूनच कॅप्चाला आवाजाचा किंवा अन्य पर्याय हवा, असे निकष सांगतात. ओटीपीची मुदतही तशीच. स्क्रीन रीडरवर मेसेज उघडायचा, अंक ऐकायचे, लक्षात ठेवायचे, परत पानावर येऊन रकाना शोधायचा. तेवढ्यात वेळ संपतो. अशा वेळी शेजारच्या कोणालातरी फोन देऊन ‘बघ रे जरा’ म्हणावे लागते आणि गुप्त राहायला हवा तो अंक गुप्त राहत नाही.

‘अ+’ बटण लावले की झाले?

सरकारी संकेतस्थळांवर उजव्या कोपऱ्यात ‘अ-, अ, अ+’ अशी बटणे दिसतात. काहींवर चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असते. ते दाबले की रंग उलटे करण्याचे, अक्षर मोठे करण्याचे पर्याय उघडतात. त्यांचा उपयोग अगदीच नाही असे नाही. पण ज्याला दिसत नाही, त्याच्याकडे स्वतःचा स्क्रीन रीडर असतोच आणि ज्याला कमी दिसते, त्याने फोनमध्येच अक्षर मोठे केलेले असते. पानामागचा कोड बिघडलेला असेल, तर वरून लावलेले बटण तो दुरुस्त करू शकत नाही. चित्राला पर्यायी मजकूर नसेल, तर बटण तो कुठून आणणार? अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये ‘अ‍ॅक्सेसिबी’ या कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. आपले साधन कोणतेही संकेतस्थळ निकषांत बसवते, हा कंपनीचा दावा आयोगाला दिशाभूल करणारा वाटला. अशी साधने विकत घेऊन अहवालात रकाना भरणाऱ्यांनी हे प्रकरण वाचलेले बरे.

निकष आणि कायदा काय सांगतात?

वेबच्या मानकांची जागतिक संस्था असलेल्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ने सुगम्यतेचे निकष पहिल्यांदा १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. सध्याची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची आहे. त्यांत ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पायऱ्या असून कायदे साधारणपणे डबल ए मागतात. भारतात सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस १७८०२’ हे मानकही आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीने ते दिव्यांग हक्क नियमांत समाविष्ट झाले.

कायदा फक्त सरकारला लागू आहे, हा गैरसमज आहे. कलम ४६ मध्ये सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी अशा दोघांनाही नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०१९ मध्येच संपली. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत, पुढे ५० हजार ते पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. मोठ्या बँकेला किंवा ई-कॉमर्स कंपनीला दहा हजार रुपये म्हणजे किरकोळ खर्च. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आणि तिथे सेवा विकणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही तो पाळावा लागतो. परदेशी ग्राहकासाठी निकष पाळणारी पुण्या-मुंबईतली सॉफ्टवेअर कंपनी गावच्या संकेतस्थळासाठी ते पाळू शकत नाही, असे म्हणायला जागा नाही.

वाचकाला स्वतः तपासता येईल का?

येईल आणि त्यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग टॉकबॅक. ते सुरू केल्यावर फोनची सवय पूर्ण बदलते. एका टिचकीने गोष्ट उघडत नाही, फक्त वाचून दाखवली जाते. उघडण्यासाठी दोनदा टिचकी मारावी लागते आणि पान सरकवायला दोन बोटे लागतात. म्हणून सुरू करण्याआधी ते बंद कसे करायचे, हे पाहून ठेवावे. बहुतेक फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबून धरली की टॉकबॅक चालू-बंद होते; हा शॉर्टकट आधी सेटिंग्जमध्ये सुरू करावा लागतो. मग आपल्या महापालिकेचे, शाळेचे किंवा पतसंस्थेचे संकेतस्थळ उघडून डोळे मिटावेत आणि फक्त ‘तक्रार कुठे करायची’ हे शोधावे. पाच मिनिटांत चित्र स्पष्ट होते. त्याशिवाय कॉपी करून चिकटवण्याची वर सांगितलेली चाचणी, दोन बोटांनी पान मोठे होते का हे पाहणे आणि फोन उन्हात धरून वाचणे, या तीन गोष्टी कोणालाही करता येतात.

अडचण आढळली, तर आधी संबंधित संकेतस्थळाच्या संपर्क पानावर कळवावे. कोणते पान, कोणता फोन, कोणता स्क्रीन रीडर आणि नेमके काय करता आले नाही, हे चार तपशील दिले तर दुरुस्ती करणाऱ्याला टाळाटाळ करणे अवघड जाते. केंद्राचे ‘सुगम्य भारत’ हे अ‍ॅप अशा तक्रारींसाठी २०२१ पासून आहे. राज्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे आणि दिल्लीत मुख्य आयुक्तांचे कार्यालय आहे. दोन्हीकडे लेखी तक्रार करता येते. ती दिव्यांग व्यक्तीनेच केली पाहिजे असे नाही; मुख्य आयुक्त स्वतःहूनही दखल घेऊ शकतात.